बदली दीपनगरला, मुले नववीत आणि पाचवीत : शाळा कशी निवडावी?

प्रश्न : माझ्या यजमानांची भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात बदली झाली असून एप्रिलमध्ये त्यांना रुजू व्हायचे आहे. आम्ही सध्या चिंचवडला राहतो. मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत, दोघेही सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. घरी मराठीच बोलतो, पण मराठी वाचायला दोघांनाही वेळ लागतो. सासूबाई यावल तालुक्यात गावी असतात. आमच्यासमोर तीन शाळा आहेत : जळगावची एक मोठी सीबीएसई शाळा, जिची बस भुसावळपर्यंत येते, भुसावळमधील एक जुनी अनुदानित शाळा, जिथे सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आहेत, आणि केंद्रीय विद्यालय. दीर सुरतला आहेत. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तर तिला आमच्याकडे पाठवा, असे ते म्हणतात. माझी आई म्हणते की मुलीची दहावी होईपर्यंत मी मुलांना घेऊन इथेच राहावे. पुणे सोडले की मुले मागे पडतील, ही भीती मनातून जात नाही. दोघे एकाच शाळेत असावेत अशी आमची इच्छा आहे. तीन वर्षांनी पुन्हा बदली होऊ शकते. काय करावे?
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, तुमच्यापुढे शाळा तीन आहेत, मुले दोन आहेत आणि निर्णय मात्र तुम्ही एकच शोधत आहात. माझ्या मते तुमची बरीचशी ओढाताण त्यामुळेच होते आहे. नववीत जाणारी मुलगी आणि पाचवीत जाणारा मुलगा यांच्या गरजा आज इतक्या वेगळ्या आहेत की एकाला योग्य ठरणारी शाळा दुसऱ्याला त्रासाची होऊ शकते. म्हणून दोघांचा विचार स्वतंत्रपणे करा आणि उत्तरे वेगळी आली तर येऊ द्या. भावंडे एका शाळेत असली की आईवडिलांची धावपळ वाचते, हे खरे आहे. पण तुमच्या मुलांमध्ये चार इयत्तांचे अंतर आहे, त्यामुळे एका आवारात असूनही त्यांचे वर्ग, शिक्षक आणि पुष्कळदा वेळाही वेगळ्याच असणार.

पुणे सोडल्यावर मुले मागे पडतील या भीतीबद्दल आधी बोलतो. तुमच्या मुलीला पुणे शिकवत नव्हते आणि भुसावळही शिकवणार नाही. नववीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारे तीन-चार शिक्षक तिला शिकवणार आहेत. ते चांगले असले तर ती पुढे जाईल, ते वर्षातून दोनदा बदलत असतील तर पुण्यातही मागे पडेल. याउलट अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिकवीत होते या अभिमानावरही आज शाळा निवडता येत नाही. भीती आणि अभिमान दोन्ही बाजूला ठेवून, ज्या वर्गात मूल बसणार आहे तो वर्ग पाहणे, एवढेच आपल्या हाती असते.

आता मुलीबद्दल. नववी हे शाळा बदलण्याचे शेवटचे सोयीचे वर्ष आहे. सीबीएसई नववीतच विद्यार्थ्यांची नोंदणी करते आणि त्यानंतर दहावीला थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणासाठी, मंडळाच्या परवानगीने आणि नववी संलग्न शाळेतून झालेली असेल तरच मिळतो. म्हणजे यंदा ती जिथे नववीला बसेल, तिथूनच दहावी द्यायची, असे धरून चाला. तुमच्या आईंचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, आणि मुलगी या वर्षी दहावीत जाणार असती तर मीही तेच सांगितले असते. पण ती नववीत जाते आहे. दोन वर्षे वडील एकीकडे आणि तुम्ही तिघे दुसरीकडे राहण्याइतके मोठे कारण मला इथे दिसत नाही, त्यातही पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीला वडील घरात असण्याची गरज कमी नसते.

तिच्यासाठी मी सीबीएसईच सुचवेन, आणि याचे कारण मंडळाच्या प्रतिष्ठेत नसून भाषेत आहे. सेमी-इंग्रजी तुकडीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, हे ऐकून पालकांना ती सोपी वाट वाटते. परंतु तिथे मराठी ही प्रथम भाषा असते, इतिहास आणि भूगोल मराठीतून लिहावा लागतो आणि दहावीपर्यंत तीन भाषा असतात. जी मुलगी मराठी अडखळत वाचते, तिने अवघ्या दोन वर्षांत मराठीतून निबंध, व्याकरण आणि इतिहासाची दीर्घोत्तरे लिहिण्याइतकी तयारी करावी, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. ती हे करू शकणार नाही असे मी म्हणत नाही; पण त्यात जाणारी शक्ती तिला ज्या विज्ञानाची ओढ आहे, त्यातून वजा होईल. राज्य मंडळाची पूर्ण इंग्रजी माध्यमाची शाळा मिळाली तर भाषेची अडचण बरीच कमी होते, तरीही पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलतेच. दहावीनंतर मात्र तिला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचे असेल तर काहीच अडणार नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होत आहेत आणि त्यात सीबीएसईचे विद्यार्थीही असतात.

सुरतेचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. खान्देशातल्या असंख्य कुटुंबांचे एक घर सुरतेत असते आणि काका-काकूंच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, आणि महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातून प्रवेश घेण्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट असते. त्याला अपवाद मोजके आहेत आणि त्यांच्या भरवशावर मुलीचे भवितव्य ठेवू नये. मंडळ कोणते हा प्रश्न इथे येत नाही, शाळा महाराष्ट्रात असावी लागते. रावेरकडची काही कुटुंबे जवळ पडते म्हणून मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा विचार करतात, त्यांनीही हे लक्षात घ्यावे.

केंद्रीय विद्यालयासाठी अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबून राहू नका. भुसावळ आणि वरणगाव परिसरात आयुध निर्माणींमुळे ही विद्यालये आली आहेत आणि तिथे पहिला हक्क केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा असतो. केंद्राचे उपक्रम, राज्य सरकारी कर्मचारी आणि त्यानंतर राज्याच्या उपक्रमांतील कर्मचारी, असा प्राधान्यक्रम खाली येतो. तुमच्या यजमानांची नोकरी या शेवटच्या गटात बसते. बाहेरून नववीत येणाऱ्यांना प्रवेश चाचणी द्यावी लागते आणि जागा रिकाम्या असतील तरच प्रवेश मिळतो. मुलीला तिथे जागा मिळाली तर माझ्या दृष्टीने तो सर्वांत चांगला पर्याय ठरेल, कारण मंडळ तेच राहते आणि शुल्क खासगी शाळेच्या मानाने फार कमी असते. तोपर्यंत दुसरा प्रवेश हाताशी असू द्या.

हा दुसरा प्रवेश जळगावच्या त्या मोठ्या शाळेत असावा का? तुम्ही भुसावळला राहणार असाल तर माझे उत्तर नाही असे आहे. जळगाव आणि भुसावळ यांच्यात सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे. मोटारीने ते फार वाटत नाही, पण शाळेची बस गल्लोगल्ली थांबत मुले गोळा करते, मग महामार्गाला लागते आणि जळगावात तो महामार्ग शहराच्या मधूनच जातो. एका फेरीला तास सहज लागेल. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्या महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात तो ४५ अंशांपर्यंतही जातो. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या बसमधून घरी आलेली मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसेल की पाणी पिऊन झोपेल, याचा विचार माहितीपत्रकातला जलतरण तलाव पाहताना होत नाही. चिंचवडच्या हवेत वाढलेल्या मुलांसाठी हा उन्हाचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. भुसावळ शहरातही सीबीएसईच्या शाळा आहेत. त्या इमारतीने लहान असल्या तरी आधी त्या पाहा. जळगावची ती शाळा सर्वार्थाने सरस आहे असे पाहणीनंतर तुमचे मत झाले, तर घरच जळगावला घ्या. मग प्रवास यजमानांना करावा लागेल, पण रोजचा लांबचा प्रवास कोणाच्या वाट्याला यायचाच असेल तर तो मोठ्या माणसाच्या वाट्याला आलेला बरा. कोणत्याही परिस्थितीत घराची अनामत शाळा ठरल्याशिवाय देऊ नका. भुसावळात घर पाहताना ते रेल्वेमार्गाच्या कोणत्या बाजूला आहे आणि शाळा कोणत्या बाजूला, हेही बघा, कारण रेल्वेने शहराचे दोन भाग केलेले आहेत आणि नकाशावर जवळ दिसणारी शाळा रोजच्या वाटेने दूर पडू शकते.

मुलाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. त्याच्यासाठी मला ती जुनी अनुदानित शाळा योग्य वाटते, अर्थात ती पाहिल्यावर मनास पटली तर. दहावीला त्याला अजून सहा वर्षे आहेत. या वयात मुले भाषा भराभर उचलतात; वर्गात प्रमाण मराठी, मैदानावर अहिराणी किंवा तावडी आणि सुट्टीत आजीकडे लेवा गणबोली, असे कान त्याला मिळाले तर वर्षाच्या आत तो मराठी सहज वाचू लागेल. तुमच्या सासूबाई पलीकडे यावल तालुक्यात आहेत, तापी ओलांडली की गाव आले. नातवाला त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलता येणे ही गोष्ट मी अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानतो. गणित इंग्रजीतून आणि पुढे विज्ञानही इंग्रजीतून असल्याने तीन वर्षांनी पुन्हा इंग्रजी माध्यमात जावे लागले तरी त्याची गाडी अडणार नाही. घर या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर मिळाले, तर तो फार मोठा लाभ ठरेल.

तरीही एक सावधगिरी घ्यावी लागेल. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेतली जाते. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे तुमच्या मुलाचे मराठी माध्यमातले पहिलेच वर्ष परीक्षेचे असणार. घाबरण्याचे कारण नाही, पण तयारी आजपासून हवी. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भासारख्या महिनाअखेरीस नव्हे, त्यामुळे मार्चअखेर तुमची शाळा संपल्यावर त्याच्या हाती अडीच महिने राहतात. चौथीची मराठी आणि परिसर अभ्यासाची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, ती रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्या आणि दिवसाला पाच ओळी लिहायला सांगा. शुद्धलेखनावरून त्याला या काळात टोकू नका. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांना भेटून, मुलगा इंग्रजी माध्यमातून आला आहे, हे स्पष्ट सांगा; पहिल्या घटक चाचणीला गुण कमी पडले तर घरात कोणी तोंड पाडायचे नाही, हेही आधीच ठरवा.

पाचवी जळगाव जिल्ह्यात झाली तर जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा तो देऊ शकेल, कारण त्या परीक्षेसाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे लागते. मात्र तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागात तिसरी ते पाचवी शिकलेल्या मुलांसाठी असतात, त्याची स्पर्धा उरलेल्या जागांसाठी असेल. ते निवासी विद्यालय आहे. नुकत्याच गाव बदललेल्या दहा वर्षांच्या मुलाला लगेच वसतिगृहात पाठवण्याची घाई मी करणार नाही.

शाळा पाहायला मार्चमध्येच या. मे महिन्यात आलात तर कुलूप आणि रखवालदार एवढेच भेटेल. येताना मुलीला बरोबर आणा आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतच सगळा वेळ घालवू नका. नववीच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या गणिताच्या वह्या पाहू द्या, अशी विनंती करा. त्या शेवटपर्यंत लिहिलेल्या आहेत का, तपासलेल्या आहेत का, चूक कुठे झाली ते शिक्षकाने लिहिले आहे की नुसती लाल रेघ मारली आहे, यावरून शाळेच्या निकालाच्या फलकापेक्षा अधिक कळते. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कोण आहेत, ते किती वर्षांपासून आहेत, कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. हा प्रश्न खासगी शाळेला विचारा आणि अनुदानित शाळेलाही विचारा, कारण अनुदानित शाळांत पदे रिक्त राहण्याची अडचण आहे आणि खासगी शाळांत शिक्षक टिकत नाहीत. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो. त्यावरून पट आणि शिक्षकांची संख्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. सीबीएसई शाळेची संलग्नता दहावीपर्यंत आहे की बारावीपर्यंत, आणि तिची मुदत कधी संपते, तेही मंडळाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. ‘सीबीएसई पॅटर्न’ असे फलकावर लिहिलेली शाळा संलग्न असतेच असे नाही.

पिण्याच्या पाण्याची टाकी पाहा. आपल्याकडे अनेक शहरांत नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे उन्हाळ्यात शाळा पाण्याची काय व्यवस्था करते हा इथला अगदी मूलभूत प्रश्न आहे. मुलींची स्वच्छतागृहे त्याच पाण्यावर अवलंबून असतात. बस घ्यावी लागली तर तीत मदतनीस आहे का आणि मुली असतील तर महिला मदतनीस आहे का, हे पाहा. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत ही तरतूद आहे. दाटीवाटीने मुले कोंबलेली रिक्षा नको, मग ती कितीही ओळखीची असो.

शुल्काबद्दल थोडक्यात : प्रवेशासाठी देणगी मागणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेले शुल्क कोणते, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पावती नसलेला एकही रुपया देऊ नका. नववीपासूनच ‘फाउंडेशन’च्या नावाखाली शाळेबरोबर क्लासचे शुल्क एकत्र घेणाऱ्यांपासून दूर राहा, मुलीला डॉक्टर व्हायचे असले तरी नववीत तिला पाया पक्का करणारे शिक्षक आणि पुरेशी झोप मिळाली पाहिजे.

तीन वर्षांनी होणाऱ्या संभाव्य बदलीचा हिशेब आजच मांडून ठेवा. त्या वेळी मुलाची सातवी झालेली असेल आणि आठवीत शाळा बदलणे त्याला जड जाणार नाही. मुलीची मात्र अकरावी झालेली असेल आणि बारावीच्या तोंडावर तिला हलवता येणार नाही. तुमच्या आई आज म्हणतात तसे वेगळे राहण्याची वेळ आलीच तर ती तेव्हा येईल, एका वर्षासाठी, आणि त्या वेळी सासूबाई जवळ असतील. यजमानांनी ही गोष्ट त्यांच्या कार्यालयात वेळीच लेखी कळवून ठेवावी.

शेवटी दाखले. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी अनुदानित शाळा तुमच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. मुलगी नववीत जात असल्याने तिला हे संरक्षण नाही, तिचा दाखला वेळेवर मिळालाच पाहिजे. तिची शाळा एप्रिलच्या आरंभी सुरू होईल, म्हणून निकालाची वाट न पाहता दाखल्यासाठीचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात देऊन पोच घ्या. मुलगा एका मंडळातून दुसऱ्यात जात असल्याने त्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे भुसावळच्या शाळेला आधी फोन करून विचारा, कारण ती घ्यायची असेल तर पुण्यातूनच घ्यावी लागेल. दोन्ही दाखल्यांवरचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद जन्मदाखला व आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. चूक असेल तर ती चिंचवड सोडण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. मुलांचे शाळेतील विद्यार्थी क्रमांक आणि मागील वर्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका.